जुन्या शेवरोले पिकअपचा ऑइल बाथ एअर क्लीनर: ठेवावा की काढून कागदी फिल्टर बसवावा?

कॅक्टसकर

नमस्कार मंडळी. मी ॲरिझोनात, टूसॉन शहराच्या बाहेर राहतो. अलीकडेच एका रँचवाल्या आजोबांकडून १९५१ ची शेवरोले ३१०० पिकअप घेतली. इंजिन मूळचंच आहे: २१६ क्युबिक इंच, म्हणजे साधारण साडेतीन लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर, वर रोचेस्टर बी कार्ब्युरेटर. त्या कार्ब्युरेटरच्या डोक्यावर काळा, जड, डब्यासारखा ऑइल बाथ एअर क्लीनर बसलेला आहे, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ खालच्या वाटीतल्या तेलात अडवणारा.

इथल्या जुन्या गाड्यांच्या मंडळींमध्ये सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, "तो डबा भिंतीवर शोभेला लाव आणि कागदी फिल्टर बसव, नाहीतर इंजिन खाऊन टाकशील." दुसरा म्हणतो, "सत्तर वर्षं चाललंय, हात लावशील तर खबरदार." आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत बराचसा कच्चा रस्ता आहे आणि धूळ पिठासारखी बारीक. ऑइल बाथ वापरणारे तुमच्यात पुष्कळ असतील, ट्रॅक्टरवर तरी नक्कीच. तुमचा अनुभव काय?

तिरकस

फोटो नाही, आवाजाची क्लिप नाही आणि थेट प्रश्न? धागा फाउल आहे. पंचांनी दखल घ्यावी.

मळ्यातला

आम्ही खटावचे, आमच्याकडं धुळीला तोटा नाही. आमचा जुना ट्रॅक्टर ऑइल बाथवरच आहे. नांगरटीला रोज सकाळी चालू करायच्या आधी वाटी उघडून बघतो. मळणीला किंवा रोटाव्हेटरला दुपारीसुद्धा बघावं लागतं, एवढा भुसा आणि माती ओढतो. वाटीच्या बुडाला बोटभर गाळ साठला की तेल बदलायचं. वरची जाळी पूर्वी रॉकेलमध्ये धुवायचो, आता रॉकेल मिळतंय कुठं? डिझेलमध्ये धुतो, निथळत ठेवतो. तेल इंजिनचंच, नवं. काळं ऑइल वाटीत ओतणारे लोक बघितलेत, त्यांचं मला कळत नाही. धूळ गाळायला ठेवायचं तेच तेल घाण कसं चालेल?

तुमच्या प्रश्नाला उत्तर: ठेवा. पण रोज बघायची सवय नसेल तर ठेवू नका.

नटबोल्ट

मळ्यातला यांना अनुमोदन. त्यांची शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे.

बाकीच्यांसाठी आत काय चालतं ते सांगतो, कारण "हवा तेलातून बुडबुड करत जाते" असा पुष्कळांचा समज असतो. तसं होत नाही. हवा डब्याच्या वरच्या कडेने आत शिरते आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या अरुंद पोकळीतून खाली येते. खाली वाटीत तेल असतं. तेलाच्या पृष्ठभागावर येऊन हवा एकदम उलटी वळते आणि मधल्या भागातून वर जाते. हवा हलकी, तिला वळता येतं. धुळीचा जड कण वेगात असतो, त्याला वळण जमत नाही, तो सरळ तेलात जाऊन पडतो. हा पहिला टप्पा.

दुसरा टप्पा जाळीचा. वळताना हवा तेलाचे बारीक तुषार उचलते आणि वरच्या जाळीवर नेते. जाळी तारेची असते, काही क्लीनरमध्ये काथ्या किंवा केसांची. ती कायम ओली राहते, उरलेली बारीक धूळ तिला चिकटते, आणि तेल ठिबकून परत वाटीत येताना धूळही खाली धुऊन आणतं. म्हणजे हा क्लीनर चालता चालता स्वतःला धुतो. म्हणूनच तो कागदासारखा चोंदत नाही. गाळ बुडाला बसतो, हवेची वाट मोकळीच राहते.

आता यातली गोम पाहा. हे सगळं हवेच्या वेगावर अवलंबून आहे. वेग भरपूर असेल तर कण नीट फेकले जातात, तुषार जाळीपर्यंत पोहोचतात. गाडी आयडलवर उभी असेल तर हवा इतकी संथ वळते की बारीक कणही तिच्यासोबत आरामात वळतो.

आणि तेलाची पातळी. वाटीवर खूण असते, तिथपर्यंतच. कमी भरलं तर हवा आणि तेलाची गाठच पडत नाही, जास्त भरलं तर हवा तेल उचलून इंजिनात नेते. पेट्रोल इंजिन मग निळा धूर सोडतं, प्लग काळे पडतात, आणि लोक पिस्टनच्या रिंग झिजल्या असं समजून इंजिनाचं हेड उतरवून बसतात.

विदा_दाखवा

छान लिहिलंय, पण आकडे कुठे आहेत?

मी सांगतो. ऑइल बाथची क्षमता साधारण ९५ ते ९८ टक्के धरतात, तीही हवा पुरेशा वेगाने वाहत असताना. चांगल्या कागदी फिल्टरची ९९ टक्क्यांहून जास्त. ऐकायला फरक दोन-चार टक्क्यांचा वाटतो. पण इंजिनाला काय अडवलं त्याच्याशी घेणंदेणं नसतं, काय आत आलं त्याच्याशी असतं. १०० ग्रॅम धूळ आली तर ऑइल बाथमधून २ ते ५ ग्रॅम आत जाते, कागदातून १ ग्रॅमहूनही कमी. म्हणजे दुप्पट ते पाचपट, कदाचित त्याहून जास्त.

शिवाय निसटते ती बारीक धूळ. साधारण ५ ते २० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण सिलिंडरच्या भिंतीवरच्या तेलाच्या थरात मावतात आणि रिंग घासत राहतात. कॅक्टसकर, तुमची धूळ "पिठासारखी" आहे असं तुम्हीच म्हणताय. केस बंद. कागद लावा.

मळ्यातला

आकडे बरोबर असतील साहेब. पण तुमचा कागद आमच्या मळणीत दुपारपर्यंत चोंदतो, मग ड्रायव्हर तो काढून टायरवर आपटतो, फाटतो, आणि फाटलेलाच परत बसवतो. फाटलेल्या कागदाचे टक्के किती?

विदा_दाखवा

फाटलेल्या कागदाचे टक्के ड्रायव्हरच्या खात्यात टाका, कागदाच्या नको. :)

गॅरेजगंधर्व

आमच्या गल्लीत एकाने क्लीनरच काढून टाकला होता, "गाडी मोकळा श्वास घेते" म्हणून. घेतला मोकळा श्वास. पुढच्या पावसाळ्याच्या आत इंजिन बोअरला आलं, म्हणजे झिजलेले सिलिंडर कातून घ्यायची वेळ आली.

रानजाई

शेती यांत्रिकीकरणात काम केलंय म्हणून थोडी भर घालते.

जास्त तेल भरण्याबद्दल नटबोल्ट यांनी पेट्रोल इंजिनाचं सांगितलं. डिझेलमध्ये हाच प्रकार जिवावर बेततो. डिझेल इंजिनाला थ्रॉटल (हवा कमी-जास्त करणारी झडप) नसतो, हवा भरपूर येत असते, वेग आवरणारा गव्हर्नर फक्त पंपातून येणारं डिझेल मोजतो. वाटीतलं तेल हवेसोबत आत जायला लागलं की तेच इंधन होतं आणि गव्हर्नरच्या हातात काही राहत नाही. स्टॉपची दांडी ओढली तरी इंजिन भडकत जातं. आमच्या शेजारच्या गावात नव्या ड्रायव्हरने वाटी काठोकाठ भरली होती. इंजिन ओरडायला लागल्यावर सगळे लांब पळाले. एका जुन्या माणसाने वाळूची ओली पोती हवेच्या तोंडावर दाबून ते बंद केलं. हाताने कुणी तोंड दाबायला जाऊ नये, ओढ फार असते.

यामुळेच मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची जी ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे, तिथे ऑइल बाथ असलेल्या ट्रॅक्टरची वेगळी चाचणी होते. ट्रॅक्टर सपाट, मग एका बाजूला कलता, मग पुढून वर, असा उभा करून चालवतात आणि क्लीनरमधलं किती तेल ओढलं गेलं ते मोजतात. बांध ओलांडताना, उतारावर नांगरताना तेल एका बाजूला जातं, तेव्हा ही परीक्षा खरी.

कॅक्टसकर, तुमचं पेट्रोल इंजिन आहे, तेव्हा भडकण्याची धास्ती नाही. पण ट्रक कुठे तिरका उभा राहतो का, ते बघा.

तिरकस

ओली पोती हाताशी ठेवून धागा वाचतोय.

कॅक्टसकर

वा, एका रात्रीत एवढे प्रतिसाद! रानजाई, आमचा रस्ता सपाट आहे, ट्रक तिरका कधीच नसतो. पन्नास मैलांच्या वर मी तिला पळवत नाही, मागचा गिअर ४.११ चा असल्याने ती स्वतःच नको म्हणते.

डब्यावर मूळच्या स्टिकरचा तुकडा शिल्लक आहे. गोठणबिंदूच्या वर एसएई ५०, खाली एसएई २० इंजिन ऑइल वापरा, असं त्यावर आहे (एसएई म्हणजे तेलाच्या जाडीचा आकडा, मोठा तितकं तेल जाड). आता इथे उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. ५० ग्रेडचं साधं तेल मिळतं, पण सरसकट नाही. २०डब्ल्यू-५० चालेल का?

नटबोल्ट

चालेल. उन्हाळ्यात तेल पातळ होऊन हवेने उचललं जाऊ नये म्हणून जाड सांगितलंय. थंडीत उलट अडचण: जाड तेल थिजलं की तुषार उडत नाहीत, जाळी कोरडी पडते आणि हवा तशीच निघून जाते. टूसॉनमध्ये बर्फाचा प्रश्न फारसा नाही, तेव्हा २०डब्ल्यू-५० बारा महिने ठेवा. इथे ऑइल कुठलंही जळत नाही की बेअरिंगला लागत नाही, महागड्या सिंथेटिकवर पैसे घालवू नका.

चक्रम

सिंथेटिकचा विषय निघालाच आहे तर: २१६ इंजिनाच्या चेंबरमध्ये (खालच्या तेलाच्या टाकीत) डिटर्जंट ऑइल, म्हणजे घाण तरंगती ठेवणारं, घालावं की बिगरडिटर्जंट? तिथले अमेरिकन काका लोक यावर मारामारी करतात असं ऐकलंय.

गॅरेजगंधर्व

नको. कृपया नको. हा विषय निघाला की धागा दोनशे प्रतिसादांना जातो आणि कुणाचंही मत बदलत नाही.

नटबोल्ट

थोडक्यात सांगतो, कारण मूळ प्रश्नाशी याचा संबंध आहे.

२१६ मध्ये कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला पंपाचा पूर्ण दाब मिळत नाही. रॉडच्या खाली छोटे चमचे असतात, ते चेंबरमधल्या कुंडांतलं तेल उचलून बेअरिंगला देतात. बेअरिंग बॅबिट नावाच्या मऊ मिश्रधातूची, रॉडमध्येच ओतलेली. ऑइल फिल्टर त्या काळी ऐच्छिक होता आणि असला तरी बायपास पद्धतीचा, म्हणजे सगळं तेल त्यातून जात नसे. १९५४ ला या ट्रकमध्ये २३५ इंजिन आलं तेव्हा दाबाचं वंगण आलं.

अर्थ असा की एअर क्लीनरमधून जी धूळ निसटते, ती रिंगच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरते आणि तिथे तिला अडवणारं फारसं कुणी नाही. आजच्या गाडीत ऑइल फिल्टर ही दुसरी चौकी असते. या इंजिनात एअर क्लीनर हीच मोठी चौकी. म्हणून विदा_दाखवा यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. आणि फिल्टर कुठलाही असो, चेंबरचं तेल लवकर लवकर बदला.

आणखी एक. या इंजिनाला खाली उघडी ब्रीदर नळी (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारी) असते आणि वर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या, झाकणातून हवा आत येते. त्या झाकणातही जाळी असते, ती कोरडीठाक असेल तर धुळीला दुसरं दार उघडंच. सगळे मोठ्या डब्यावर भांडतात, या छोट्या झाकणाकडे कुणी बघत नाही.

शिवडीकर

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण शेवरोले म्हटल्यावर राहवत नाही. नवीन मंडळींना माहीत नसेल, या गाड्या मुंबईत जोडल्या जात. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला होता. सुटे भाग जहाजाने यायचे आणि इथे मोटारी, ट्रक, बसच्या चासी उभ्या राहायच्या. १९५४ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. कॅक्टसकरांच्या ट्रकची भावंडं तेव्हा मुंबई राज्यात फिरत असणार.

एसटीचंही तसंच. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली ती बेडफर्डची, पण सुरुवातीच्या ताफ्यात शेवरोले, फार्गो, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन असे दहा तऱ्हेचे मेक होते. रस्ते बहुतेक मुरमाचे. डेपोतल्या फिटर लोकांच्या हातून किती वाट्या धुतल्या गेल्या असतील!

मळ्यातला

आमचे चुलते फार्गोवर होते. स्टॅंडवर गाडी लागली की आधी बॉनेट उघडायचं, मग चहा. ही शिस्त होती.

तिरकस

आता आधी मोबाइल, मग चहा, मग दुसरा मोबाइल.

हरिकेन

नाशिकहून. माझ्याकडे जुनी सीजे-३बी जीप आहे, विलीजचं एफ-हेड इंजिन असलेली. महिंद्राने हेच इंजिन आपल्या एफसी पिकअपमध्येही घातलं होतं, त्यामुळे पिकअपच्या धाग्यात मला बोलायचा अधिकार आहे.

माझ्या जीपच्या आधीच्या मालकाने एका मिस्त्रीकडून ऑइल बाथच्या डब्यात कागदी फिल्टर बसवून घेतला होता. बाहेरून डबा मूळचा, आत कागद. दिसायला उत्तम. पण ऑइल बाथच्या डब्याला कागदी फिल्टरची रबरी कड टेकायला सपाट बैठकच नसते. वरून खिळखिळ, खालून फट. हवा नेहमी सोपी वाट धरते, ती कागदातून कशाला जाईल? फटीतून थेट आत. मी जीप घेतली तेव्हा कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बोट फिरवलं तर तांबडी माती. पुढे बोअरिंग आणि नव्या रिंगांचा खर्च झाला.

तेव्हा ९९ टक्के वगैरे सगळं मान्य, पण ते बैठक नीट बसली तरच. ऑइल बाथच्या तळाला फट असेल तर तेल ठिबकून लगेच बोंब मारतं. कागदाची फट गुपचूप काम करते.

सगळ्यांनी करून बघण्यासारखी चाचणी: क्लीनर आणि कार्ब्युरेटर यांच्यामधला पाइप किंवा मान काढा, आतून पांढरं फडकं फिरवा. तेलकट ओल चालेल. खरखरीत माती लागली तर कुठेतरी गळती आहे, मग क्लीनर कुठल्याही जातीचा असो. जीपमध्ये क्लीनर बाजूला असतो आणि लांब रबरी पाइप येतो, तिथे क्लिप ढिल्या पडतात आणि रबराला चिरा जातात. शेवरोलेचा डबा थेट कार्ब्युरेटरवर बसतो, म्हणजे गळतीची जागा एकच, मानेची पकड.

विदा_दाखवा

हरिकेन यांचा मुद्दा रास्त आहे. पण तो वाईट जोडकामाविरुद्ध आहे, कागदाविरुद्ध नाही. नीट बैठक असलेला, कागदी घटकासाठीच बनवलेला पूर्ण क्लीनर मिळतो, तो लावता येतो. १९७३ पासून फोक्सवॅगननेही बीटलचा ऑइल बाथ सोडून कागद धरला. जर्मन लोकांनी उगाच नाही सोडला.

गॅरेजगंधर्व

सोडला, कारण मालकांनी वाटी उघडणं सोडलं होतं. कागद बदलायला हात काळे होत नाहीत. सर्व्हिसिंग सोपं झालं, हे अर्धं कारण तरी धराच.

आणि तो जड डबा आणखी दोन कामं करतो. कार्ब्युरेटरमधून उलटा भडका आला तर ओली जाळी तो अडवते. जुन्या पेट्रोल इंजिनात टायमिंग हललं की असा भडका येतोच. शिवाय हवा ओढतानाचा घोंघाट तो दाबतो. काढून बघा, बॉनेटखाली कुणीतरी घोरतंय असं वाटेल.

पुण्याचा_मी

मला एक कळत नाही. ही गाडी महिन्यातून दोनदा दूध आणि पेपर आणायला जाणार. बारीक धूळ, जाड धूळ, काय फरक पडतो? ज्या वेगाने तिचा वापर आहे त्या वेगाने इंजिन झिजायला कॅक्टसकरांचे नातू मोठे व्हावे लागतील.

रानजाई

पुण्याचा_मी, उभ्या गाडीची वेगळी दुखणी असतात. गाडी धुताना किंवा पावसात डब्यात पाणी गेलं तर ते तेलाच्या खाली बसतं आणि तेलाची पातळी वर ढकलतं. मालकाने जास्त भरलेलं नसतं, तरी इंजिन तेल ओढायला लागतं. खूप दिवसांनी गाडी काढताना वाटी उघडून तेल दुधाळ झालंय का ते बघावंच. पाणी राहिलं तर वाटी आतून गंजते ते वेगळंच.

कॅक्टसकर

मंडळी, शनिवारी डबा उतरवला. बुडाला घट्ट, डांबरासारखा गाळ होता. वाटी आणि वरचा भाग यांच्यामधलं पॅकिंग कडक होऊन तडकलेलं. मानेच्या आतून हरिकेन यांची फडक्याची चाचणी केली: तेलकट आणि थोडी खरखर. टॅपेट कव्हरच्या झाकणाची जाळी पार कोरडी होती, नटबोल्ट यांनी सांगितलं नसतं तर मी तिकडे बघितलंही नसतं.

सध्या असं ठरवलंय: नवं पॅकिंग, नवं तेल, डबा परत. पावसाच्या पहिल्या सरीनंतर आणि त्याआधी धुळीचं वादळ आलं तर वाटी उघडायची. फडक्याची चाचणी महिनाभराने पुन्हा करणार. तेव्हाही खरखर आली तर विदा_दाखवा यांच्या म्हणण्याप्रमाणे पूर्ण कागदी क्लीनर बसवीन आणि हा डबा गॅरेजच्या फळीवर ठेवीन.

उरलेले दोन प्रश्न: जुन्या तेलाचं काय करू, आणि डबा रंगवताना काही काळजी?

विदा_दाखवा

महिनाभराने निकाल इथेच टाका. चाचणीआधी मान स्वच्छ पुसून घ्या, नाहीतर जुनीच माती पुन्हा मोजली जाईल.

मळ्यातला

जुनं तेल आमच्याकडं कुंपणाच्या लाकडी खांबांच्या बुडाला लावतात, वाळवी लागत नाही.

रानजाई

मळ्यातला, तेच तेल झिरपून विहिरीत जातं. लावू नका. कॅक्टसकर, अमेरिकेत सुट्या भागांची बरीच दुकानं जुनं ऑइल फुकट परत घेतात. बंद बाटलीत भरून द्या, त्यात रॉकेल किंवा पाणी मिसळू नका, मिसळलेलं घेत नाहीत. जाळी धुतलेलं रॉकेल वेगळ्या डब्यात.

नटबोल्ट

रंग फक्त बाहेरून. वाटीच्या आतून आणि पॅकिंग बसतं त्या कडेला रंग नको. आतला रंग रॉकेलने सुटून तेलात येतो, आणि कडेवर रंगाचा थर चढला की नवं पॅकिंगही नीट बसत नाही. जाळी पेट्रोलमध्ये धुऊ नका, आगीचा धोका. निथळून पूर्ण वाळू द्या, मग बसवा. आणि तेलाची पातळीची खूण रंगाखाली झाकली जाणार नाही एवढं बघा.